बहिऱ्या कानात आलेली हाक

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावणारा मी माणूस. हे माझ्याच बाबतीत घडलं नसतं, तर आजही हसलोच असतो...

आपला वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. मी अमरावती–परतवाडा सर्व्हिस मोटर चालवायचो. लहानपणी तापात माझा डावा कान गेलेला, ठार बहिरा. लग्न ठरलं अकोल्याच्या अलीकडच्या एका खेड्यात, फुलमळेवाल्यांच्या घरी. मालकांनी खुशीनं मोटर दिली. चालवणार होते मला मोटर शिकवणारे आमचे म्हातारे उस्ताद, पण निघायच्या सकाळीच त्यांना हिवताप भरला. अमरावतीच्या राजापेठेत सारं वऱ्हाड मोटरीत बसून तयार... मग काय, नवरदेवानंच स्टिअरिंग धरलं!

उस्ताद वळण घेण्याआधी मान पार मागं वळवून बघायचे. मी पंचविशीचा, त्यात नवरदेव — नजर सारी समोर! डावीकडे आरसा नाही, डोळ्यांपुढं मुंडावळ्या लोंबताहेत, मागं डफडं वाजतंय, बायका गाताहेत.

मूर्तिजापूर मागं पडलं. गावाचा फाटा आला, मी डावीकडे वळवणार... तोच त्या मेलेल्या कानात एका बाईचा स्वच्छ आवाज आला — "बापू, डाव्या बाजूले पाह्य!"

मी कचकन ब्रेक दाबला. वऱ्हाड एकमेकांच्या अंगावर! आणि मोटरीला जवळजवळ घासून, रस्त्याच्या कच्च्या कडेनं, उधळलेल्या बैलांची एक दमणी मागून पुढं निघून गेली. दमणीत नवरीचे मामा आणि दोन मावश्या, झेंडूच्या टोपल्या कवटाळून. मी वळलो असतो तर...

थोडं पुढं बैल आवरले. मामा धापा टाकत आले.

"जवाईबापू, तुमी थांबले म्हून वाचलो! मोटर आमाले मांगं टाकून गेली, तिच्या आवाजानं बैल बिथरले."

"हाक कोणी मारली?" मी विचारलं.

"हाक? आमची तं दातखीळ बसली होती!"

डावीकडे माझी बहीण बसली होती. तिच्या तोंडात बुंदीचा लाडू. तो कसाबसा गिळून म्हणाली, "मी कायले मारू? अन् त्या कानात मारून उपेग काय?"

सगळे खो खो हसले. मामांनी मोटरीच्या नाकावरच झेंडूचा हार चढवला, डफडं पुन्हा घुमलं, आणि दोन्हीकडची माणसं भर रस्त्यात नाचली. मावश्या तर सर्वांत जास्त. मुहूर्ताला पोचलो ते धावतपळत.

नंतर त्या कानाशी घड्याळ धरून पाहिलं. काही नाही.

बायकोला सांगितलं तेव्हा ती लाजून म्हणाली, "मी तुमची वाट पाहून राहिली होती नं... माहाच आवाज असन."

तिचा नव्हता. कुणाचा होता, हे मला आजही सांगता येत नाही. पण इतक्या वर्षांत तिला तसं कधी बोललो नाही. आता हे छापून आलं की तिला कळेलच... आणि मग घरात जी हाक येईल, ती कुणाची हे मात्र मी नक्की सांगू शकेन!