कॉन्सेप्टामावशीची कडेची बाटली

कॉन्सेप्टामावशीबद्दल लोक चांगलं बोलायला लागले ते ती गेल्यावर. जिवंतपणी तिच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस अख्ख्या मरोळ गावठाणात सापडला नसता, आणि सापडला असता तर तिनेच त्याला हाकलला असता. प्रवचन लांबलं की ती पहिल्या बाकावरून मोठ्याने जांभई द्यायची, आणि फादर मुकाट्याने आटोपतं घ्यायचे. नवरा व्हिक्टर कधीच वारला होता. 'बोलायचा कमी, गेला पण न बोलता,' एवढंच ती त्याच्याबद्दल सांगायची. अशा बाईच्या हाती आम्ही दोघी बहिणी वाढलो. तिच्या पोटच्या नव्हे, संस्थेने सांभाळायला दिलेल्या.

आमचे बाबा, दशरथ, परळला गिरणीत होते. आई संपाच्या आधीच गेली. संप चिघळला तसे बाबा 'गावाक जावन काय ता बघतंय' म्हणून कुडाळकडे निघून गेले आणि जे बघत बसले ते बघतच बसले. भांडुपच्या आत्याने काही महिने आम्हाला ठेवून घेतलं, मग तिची माया आटली आणि तिने आम्हाला एका संस्थेत नेऊन सोडलं. तिथला नियम असा, की बारा वर्षांच्या आतल्या मुली मुंबईत आणि वरच्या पनवेलच्या पुढे कुठल्याशा आश्रमात. माझी बहीण सुलक्षणा, म्हणजे सुलू, बाराची व्हायला टेकली होती. मी माणिक, आठची. म्हणजे आमची ताटातूट ठरलेलीच होती. पण नेमकी त्याच वर्षी संस्थेने मुली घरोघर सांभाळायला द्यायची नवी टूम काढली, आणि पुढे येणाऱ्या मोजक्या लोकांत ही बाई होती.

तिने मोठी मुलगी मागितली होती. दोघी आहेत म्हटल्यावर ती म्हणाली, "दोन हायत तं दोन द्या. एक मोडली तं दुसरी ऱ्हाईल." हे तिने आमच्यासमोर म्हटलं. का मागितली तेही लपवलं नाही. "मना पोरी नको होत्या, मना मसाल्याला हात पायजे होते." संस्थेच्या बाईंनी आम्हाला तिला आंटी म्हणायला सांगितलं, तर म्हणाली, "आंटी गुत्त्यावर बसते. मावशी बोला."

सुलूने तिला काहीच म्हटलं नाही. वर्षभर ती या घरात रुसून राहिली. बाबा येणार आणि आपल्याला नेणार, तोवर ही एक धर्मशाळा, असं तिचं गणित होतं. डुकराचं मटण शिजलं की नाक धरून अंगणात जाऊन बसायची. मावशीने एक दिवस नवं पातेलं तिच्यासमोर आदळलं. "हे तुझं. यात कोणी दुसरं काय शिजवलं तं हात तोडीन. आता जेव." मग आमच्या पेटीतली गणपतीची तसबीर काढून तिने मारियाच्या पुतळ्याशेजारी ठेवली आणि त्याच्यापुढेही मेणबत्ती लावली. सुलू जेवली, पण बोलली नाही. उलट संस्थेच्या अनुपमाबाई दिवाळीत बघायला आल्या, तेव्हा तिने त्यांना कोपऱ्यात गाठून सांगितलं, "माका हय रवाचा नाय." बाईंनी मान हलवून ते मनात ठेवलं.

आता मसाल्याचं सांगायला हवं, कारण सगळी वाट त्यानेच लागली. गावठाणातल्या ख्रिस्ती घरांत वर्षाचा मसाला मे महिन्यात होतो. मिरच्या, धणे, हळकुंडं आणि आणखी वीस-पंचवीस जिनसा आठवडाभर उन्हात तापवायच्या, भाजायच्या, मग कांडणाऱ्या बायका येऊन उखळात मुसळांनी कांडतात. आणि तो मसाला भरतात बिअरच्या बाटलीत. काठीने ठोकून ठोकून, हवेला जागा न ठेवता. काळपट काचेत रंग उडत नाही, वास मरत नाही. मावशी आपल्या घरचा करायचीच, वर अर्ध्या गावाचाही करून द्यायची. म्हणजे बाटल्या ढिगाने हव्यात. त्या मे यायच्या आधीपासून आणायचं काम आमचं. मी आणि सुलू शाळेचं दप्तर घरी टाकून, हातात पिशव्या घेऊन, अंधेरी-कुर्ला रोडवरच्या परमिट रूमच्या मागच्या दाराला उभ्या राहायचो. तिथला वेटर आम्हाला बघितलं की आत ओरडायचा, "पोरी आल्या रे, लवकर संपवा." मला हे काम झकास वाटायचं. सुलूला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटायचं.

मावशीच्या घरात सगळंच बाटलीत असायचं. मसाला बाटलीत, शिरका बाटलीत, खोबरेल बाटलीत, लूर्दच्या तीर्थाहून आलेलं पवित्र पाणीही बाटलीत. फळीवर सगळ्या एका रांगेत, तोंडाला बूच आणि वर फडकं बांधून. आणि रांगेच्या डाव्या कडेला असायची मावशीची स्वतःची. तिचा भाऊ बेनेडिक्ट गोराईहून तिच्यासाठी घरी गाळलेली दारू आणायचा. तीही तसल्याच काळपट बाटलीत, नवी आली की काठोकाठ, त्यामुळे हलवली तरी आवाज नाही. रोज जेवणाआधी छोटा पेला, 'पोटासाठी'. संस्थेचा सगळ्यात कडक नियम होता की मुली असतील त्या घरात दारू चालणार नाही. मावशीने हा नियम ऐकून घेतला होता आणि फळीवरची जागा बदलली नव्हती.

तर त्या मे महिन्यात एका दुपारी अनुपमाबाई न कळवता आल्या. आणि त्यांनी काय पाहिलं, तर अंगणात बिअरच्या बाटल्यांचा ढीग, त्यातून येणारा शिळा वास, सुलू गुडघ्यापर्यंत परकर खोचून बाटल्या विसळतेय, आणि मी एक बाटली डोळ्याला लावून आत सुकली का ते सूर्याकडे तोंड करून बघतेय. बाई पार्ल्याच्या. त्यांच्या घरी बाटलीत फक्त सरबत असणार. त्या दारातल्या दगडावर बसल्याच.

"मसाल्याच्या हायत," मावशी म्हणाली.

"मसाला बरणीत असतो," बाई म्हणाल्या.

"तुमचा असंल."

"कॉन्सेप्टाबाई, मुलींकडून हे काम करून घेता? हा दारूचा धंदा आहे. सोमवारी मुली परत न्याव्या लागतील." मग सुलूकडे बघून हळू आवाजात, "तुझी सोय पनवेलकडे होईल हं. माणिक मुंबईतच राहील, आमच्याकडे."

माझ्या हातातली बाटली खाली पडली. फुटली नाही, पण मी रडायला लागले. मावशीने मला रडताना पाहिलं आणि तिचा पारा चढला. बाईंचा दंड धरून तिने त्यांना सरळ घरात नेलं आणि फळीसमोर उभं केलं. "पायजे ती काढा. उघडून बघा. मसाला नय निघाला तं पोरींच्या आधी मना न्या."

हे बोलताना ती आदल्याच दिवशी भरून आलेली स्वतःची बाटली विसरली होती. रागात तिला काहीच आठवत नसे.

बाईंनी रांगेवरून नजर फिरवली आणि हात लांब केला तो थेट डाव्या कडेला. मावशीचा चेहरा मी तेव्हा बघितला. ती एवढी घाबरलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही.

दिवाळीपासून सुलू अशाच संधीची वाट बघत होती. नुसतं गप्प उभं राहायचं, की काम फत्ते. पण ती पनवेलला आणि मी मुंबईत, हे तिच्या गणितात नव्हतं. ती पुढे आली, बाईंच्या हाताखालून ती बाटली उचलली, "ही नको बाई, ही जुनी, किडे झालेत," असं शुद्ध भाषेत म्हणाली आणि ती रांगेच्या मध्ये मागे सारून दिली. मग दुसरी काढली, दातांनी बूच उपटलं, आणि आत काठी घालून बाईंच्या नाकासमोर जोरात उपसली.

वर्षभर ठासून बसलेला मसाला भसकन बाहेर आला. बाईंना जी पहिली शिंक आली ती गल्लीच्या तोंडाशी ऐकू गेली असावी. मग मी, मग सुलू, मग मावशी. चौघी शिंकतोय, डोळ्यांतून धारा, कोणाला काही दिसत नाही. मावशीने चाचपडत बाईंना मोरीवर नेलं, तोंडावर पाणी मारलं, डोळ्यांवर दुधाची घडी ठेवली आणि वर त्यांनाच झापलं, "एवढं नाक नाजूक तं आलीस कशाला?"

बाई थोड्या सावरल्या. लाल डोळ्यांनी त्यांनी सुलूला जवळ घेतलं. "दिवाळीत तू म्हणाली होतीस, इथे राहायचं नाही. खरं सांग, घाबरू नकोस."

सुलूने नाक पुसलं. "आता आमका खंयच जावचा नाय. ही बाय वायट आसा. पण आमची आसा."

मावशी पाठ फिरवून चुलीकडे गेली आणि उगाच भांडी आदळत राहिली. बाई म्हणाल्या, "विचार करते. शनिवारी येऊन सांगते." निघताना मावशीने भेट म्हणून रांगेच्या मधली एक बाटली काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि त्यांच्या पिशवीत कोंबली. तिचे डोळे अजून गळत होते. मसाल्याने की सुलूच्या बोलण्याने, ते तिने कधी कबूल केलं नाही.

रात्री जेवणाआधी ती पेला घेऊन फळीकडे गेली. आधी डावीकडे चाचपलं, मग मध्ये. मग पेला हातात घेऊन ती स्टुलावर बसली. "पोरींनो," ती म्हणाली, "मी तिला दारू दिली."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मावशी संस्थेत जाऊन खरं सांगायला निघाली होती, सुलूने तिचं लुगडं धरून ठेवलं. शुक्रवारी संध्याकाळी सुलूने आमचे कपडे काढले आणि दोन पिशव्या भरल्या. एक तिची, एक माझी. कंगवा एकच होता, तो तिने माझ्या पिशवीत टाकला. मी बघत होते. मावशी कांडण्याच्या मिरच्या निवडत होती. ती उठली, माझी पिशवी उचलली आणि सुलूच्या पिशवीवर उलटी केली. "माझ्या घरातून दोन पिशव्या जानार नय. जायल तं एक. आनि ती घेऊन मी पन जाईन. ठेवून घ्यावं लागंल त्यांना."

त्या रात्री सुलूने पहिल्यांदा तिला मावशी म्हटलं. पाणी मागायला म्हटलं, पण म्हटलं.

शनिवारी अनुपमाबाई आल्या. आम्ही तिघी भिंतीला टेकून उभ्या होतो. बाईंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. रिकामी होती. स्वच्छ विसळलेली, सुकवलेली, बूचही परत लावलेलं.

"संपला," बाई म्हणाल्या. चेहरा अगदी संस्थेतला. "आमच्या ह्यांना फार आवडला. म्हटलं बाटली परत करावी, तुम्हाला लागते."

मावशीने बाटली घेतली, उजेडाला धरली, आणि माझ्यासारखीच एक डोळा मिटून आत बघितलं. मग तिने बाईंकडे बघितलं. दोघींपैकी कोणी हसलं नाही.

"मुली दोघी इथेच राहतील," बाई म्हणाल्या. "एकत्र."

त्या गेल्यावर सुलू मोरीत जाऊन खूप वेळ तोंड धूत राहिली. मावशीने कोपऱ्यातली रिकामी पिशवी, माझी, उचलली, झटकली आणि तिच्यात मिरच्या भरायला घेतल्या.