क्रुसावरचं नाव

“मेलेल्याला नावाचं काय करायचंय, आई? जिवंताला पगार लागतो!” योकास्तानं कच्च्या केळ्यांची सालं बादलीत आपटली.

“तुझ्या पोटचा गेला असता म्हणजे कळलं असतं.” नीदिया म्हातारीनं निळ्या ऑइलपेंटचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. “बावीस वर्षं माझं पोर बेवारशासारखं पडलंय. उद्या मृतांचा दिवस. डोळे पुरते जायच्या आत क्रुसावर त्याचं नाव बघायचंय मला.”

“बघा! सगळं बानी गाव बघेल. याच्या बेसबॉल अकादमीचा आचारी शेजारच्याच थडग्यावर मेणबत्त्या लावतो. ‘डानिलो इथं पुरलाय, मग आमच्या पोरांना बेसबॉल शिकवतो तो कोण?’ असं त्यानं विचारलं म्हणजे?”

योकास्ताचा नवरा, म्हातारीचा थोरला लेक, दारात उजवं कोपर चोळत बसला होता. त्याचं खरं नाव एलिहियो. एकोणिसाव्या वर्षी तो असा चेंडू फेकायचा, की झेलणाऱ्याचा तळहात हातमोज्यातही सुजायचा. पण एकोणीस म्हणजे त्या धंद्यात म्हातारा; अमेरिकेच्या संघांना सोळाचा हवा असतो. त्याच वर्षी धाकटा डानिलो नदीत बुडाला, तो सोळाचा. मृत्यूची नोंद करायला कुणाचे पाय उचलले नाहीत. खेळाडू हेरून संघांना देणारा पोलांको भेटायला आला, दोन घोट कॉफी प्यायला आणि हळूच म्हणाला, “बाई, धाकट्याचा जन्मदाखला असेल ना घरात?”

नीदियानं स्वतःच्या हातानं पेटी उघडली.

तेव्हापासून तो डानिलो. घरातसुद्धा. भिंतीला कान असतात म्हणून आईनंच ताकीद दिली होती. सहा वर्षं त्यानं लहान संघांबरोबर बसमधून गारठलेली गावं पालथी घातली, मग दोन हंगाम मोठ्या संघात काढले. रेडिओवर सारं मैदान “डानिलो! डानिलो!” ओरडायचं आणि नीदिया एप्रनमध्ये तोंड खुपसून रडायची. शेजारणी म्हणायच्या, “अगं बये, हस की! लेक जिंकतोय!”

पुढं डॉक्टरांनी कोपर दोनदा कापलं. चेंडूतला जोर गेला तो गेलाच. अकादमीतली नोकरीही डानिलोच्याच नावावर मिळाली.

योकास्ताचा आवाज खाली आला. “चेंडूशिवाय दुसरं काय येतं रे तुला? अं?”

“डानिलो, बाळा,” म्हातारी म्हणाली, “तूच सांग हिला.”

या हाकेला बावीस वर्षांत त्यानं ओ दिली नाही असं कधी झालं नव्हतं. आज त्यानं दिली नाही. म्हातारी अंधूक डोळ्यांनी दाराकडं बघत राहिली. तो उठला आणि तिच्या मांडीवरचा डबा उचलून घेतला.

“उद्या नाव मी रंगवणार,” तो म्हणाला. “परवा अकादमीत जाऊन मी कोण ते सांगणार. आणि या घरात आजपासून मला एलिहियो म्हणायचं.”