साहेबाची बाटली आणि काकांचा राब

ज्या गोष्टीचा पुरावा धरणाच्या तळाशी गेला आहे, तिच्याबद्दल जन्मभर छाती फुगवून बोलणारा माणूस अख्ख्या भोर संस्थानात एकच होता, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला होता. मावसकाकांचं म्हणणं साधंच होतं. त्यांचं वेळवंडीकाठचं भाताचं शेत भाटघरच्या धरणात गेलं, आणि त्या शेतातल्या राबाला जो वास यायचा तो त्रिभुवनात दुसऱ्या कुठल्या राबाला येत नाही. आता राब आमच्याकडे सगळेच भाजतात. भाताची रोपं जिथं टाकायची तिथं शेण, पाला, गवत पसरायचं, वर माती लोटायची आणि पेटवून द्यायचं. मग ते दिवसभर धुमसत राहतं आणि सगळ्या खोऱ्याला धुराचा वास लागतो. पण काकांपुढे दुसऱ्याच्या राबाचं नाव काढायची सोय नव्हती.

काका जग नाकानं पाहायचे. भाकरी मोडण्याआधी हुंगायचे, नवी छत्री उघडण्याआधी हुंगायचे, बैल घेताना लोक दात बघतात, हे त्याच्या मानेत नाक खुपसायचे. माझ्या थोरल्याच्या बारशाला त्यांनी पाळण्यात वाकून पोराची टाळू हुंगली आणि "बेस हाय, ठेवा" असं सांगून घुगऱ्यांकडे मोर्चा वळवला. आंबवड्याच्या एका लग्नात पंगतीला वाफाळता आंबेमोहोर वाढला होता. सगळे वाहवा करत होते. काकांनी मूठभर भात नाकाशी नेला, सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "चांगला हाय. पर आमच्या राबावरचा न्हाई." मुलीच्या बापाचं तोंड पाहवेना. मावशी बायकांच्या पंगतीतून ओरडली, "अवो, गिळा की गुमान! धूर त्यो धूर, त्याला काय कुळी असती व्हय?"

खरी गोम इथंच होती. सगळ्या गावानं थट्टा केली तरी काकांना फिकीर नव्हती. मावशीचं "न्हाई" मात्र त्यांना लागायचं. त्या शेतात राब भाजलेलं, अजून हयात असलेलं माणूस त्यांच्याखेरीज तेवढं एकच होतं, आणि तेच साक्ष द्यायला तयार नव्हतं.

धरणाच्या कामावर काका मुकादम होते. "भितबी मीच बांधली, शेतबी माजंच बुडालं, आता भांडू कुनाशी?" असं म्हणून स्वतःच हसायचे. काम संपल्यावर तिथला एक गोरा इंजिनियर विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं त्यांना एक बाटली दिली. त्याच्या गावाकडची, एकाच भट्टीची, नुसत्या जवाची, भेसळ नसलेली दारू. साहेबानं मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं म्हणे, की आमच्या मुलखात जमिनीतली माती खणून वाळवतात, जाळतात, आणि तिच्या धुराचा वास ह्यात उतरतो. "माती जाळून दारू! साहेब झाला म्हनून काय कायबी सांगावं?" काका म्हणायचे. पण बाटली त्यांनी जपली. धरणाचं पाणी उतरून आपलं शेत उघडं पडेल त्या दिवशी ती शेतातच फोडायची, असा त्यांचा पण होता. ती विकली असती तर दुभती म्हैस आली असती, हे कुणीतरी मावशीच्या कानावर घातलं, आणि बाटलीची रवानगी गोठ्यात झाली. म्हैस नाही ती नाहीच, वर हे मढं घरात नको, असा तिचा निकाल होता.

शेत बुडाल्यावर काकांनी उत्रोलीला घर केलं होतं; दर उन्हाळ्यात तिथून पाणी बघायला जायचे आणि मान हलवत परतायचे. वरच्या अंगाची शेतं दिसायची, ह्यांचं खालचं काही दिसायचं नाही. मग लढाईच्या दिवसांत एका वर्षी पावसानं फार ओढ दिली. मी भोरला शाळेत मास्तर होतो. भर वर्गात काका दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, बांध दिसला!"

रविवारी आम्ही तिघं गेलो. मावशी म्हणाली, "पिऊन पडाल, उचलाया कुनीतरी नगं?" गाळ वाळून त्याची ढेकळं झाली होती. काकांनी आपला बांध पायानंच ओळखला. चाकूनं बूच काढलं, थोडी जमिनीवर शिंपडली आणि फुलपात्रात ओतून पहिला मान मला दिला. मी घोट घेतला मात्र, तोंडात कुणी ओली चूल पेटवून वर टिंक्चर आयोडीन ओतल्यासारखं झालं. मी खोकत बसलो. काकांनी फुलपात्र नाकाशी नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. किती तरी वेळ ते प्यायलेच नाहीत. मग जिभेवर थेंबभर घेऊन हळूच म्हणाले, "साहेब खोटं बोलला न्हाई रं. मातीच भाजलीया." आणि फुलपात्र मावशीपुढे केलं. "अगं, नुसतं हुंग."

मावशीनं आधी पदर नाकाला लावला. मग नवऱ्याचं तोंड पाहून वाकली. पदर खाली आला. ती शेताच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. "हितंच आत्याबाई मला पाला पसराया लावायच्या," ती म्हणाली. "नवी नवरी व्हते म्या. डोळं चुरचुरायचं." पुन्हा एकदा हुंगून म्हणाली, "व्हय. आपलाच हाय. दुसऱ्या कुनाचा न्हाई असा."

काकांनी बूच बसवलं आणि परतीच्या वाटेवर लहान पोरासारखे पुढे पुढे चालले. एवढं सुखी माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

बाटली त्या दिवसापासून घरात आली. दर वर्षी राब भाजायच्या दिवसांत दोघं ती उघडायची. काका चमचाभर घ्यायचे, मावशी वास घ्यायची. गंमत म्हणजे काकांची बढाई मात्र त्या दिवसापासून बंद झाली. लग्नांत ते मुकाट जेवू लागले, आणि पंगतींना चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं.

ते गेल्यावर एकदा उत्रोलीला गेलो होतो. मावशीसाठी रॉकेल आणायचं होतं, आणि कोनाड्यातली रिकामी बाटली मला दिसली. मी ती उचलली. मावशी चुलीपुढून उठून आली आणि तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"हिच्यात नगं रं," ती म्हणाली. "वास जाईल."