निघताना म्हटलेलं ‘येते’

खुर्च्या चौदा होत्या. बारा तळमजल्यावरच्या सभागृहातून आणलेल्या, दोन घरच्या. गेल्या शनिवारी दुपारी चार वाजता मी त्या पुढच्या खोलीत अर्धगोलात मांडल्या आणि साडेचार वाजले तरी त्यातल्या दोनच भरल्या होत्या. उरलेल्या बारांकडे बघून मला जो राग आला तो आज आठवा दिवस आहे तरी उतरलेला नाही. सकाळी देवापुढे बसते, डोळे मिटते, आणि डोळ्यांपुढे देव यायच्या ऐवजी खुर्च्या येतात. म्हणून एकदाच सगळं वहीत उतरवून टाकते.

ज्या बाईसाठी खुर्च्या मांडल्या ती माझी धाकटी जाऊ. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. लग्न होऊन आली तेव्हा इतकं हळू बोलायची की सासूबाई विचारायच्या, “हिला तोंड आहे की नुसतं चित्र काढलंय?” पुढे बारा वर्षं ती एका दातांच्या दवाखान्यात टेबलामागे बसून पेशंटांना आत सोडायची. “या”, “बसा”, “जा आत”. एवढ्याच शब्दांत तिची नोकरी झाली. मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद पडला, आणि जाऊ घरी बसली ती अशी बसली की जिन्यात भेटली तरी भिंतीला चिकटून जायची.

दोन वर्षांपूर्वी तिने डबे विकायचं काम धरलं. घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे. ते दुकानात मिळत नाहीत. कोणाच्या तरी घरी बायका बोलवायच्या, डबे मांडायचे, वापरून दाखवायचे आणि ज्यांना हवेत त्यांची नावं लिहून घ्यायची. कंपनी ह्याला पार्टी म्हणते. नमुन्याचे एकवीस डबे एकात एक घालून एका निळ्या पिशवीत तिला मिळाले होते. आमचे भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, तेव्हापासून तिला ‘झाकण’ म्हणतात. “आमचं झाकण आलंय का खाली?” असं दारातून विचारतात आणि एकटेच हसतात.

हसू देत. मी तिला पहिल्यांदा डबा दाखवताना पाहिलं तेव्हा मला ही बाई ओळखू आली नव्हती. काठोकाठ पाणी भरते. झाकण मधोमध दाबते, एक कड नखाएवढी उचलते, आतली हवा फुस्स करून बाहेर पडते आणि तेवढ्यात कड सोडते. मग तो भरलेला डबा स्वतःच्याच डोक्यावर उलटा धरते आणि म्हणते, “आता तुम्ही दहा मोजा. थेंब पडला तर डबा तुमचा.” हे ती खोलीच्या शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते. हा आवाज बारा वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे. मला तरी वाटतं, त्या निळ्या पिशवीतच तो राहतो.

आणि ती पिशवीच आता जायला आली होती. कंपनीचा नियम असा की पार्टीला घरच्या माणसांखेरीज निदान सहा पाहुण्या हव्यात. लागोपाठ तीन पार्ट्या कमी भरल्या की पिशवी परत, काम बंद. कमी भरलेली पहिली पार्टी तिच्याच घरी झाली, चार जणी आल्या. दुसरी माझ्या घरी, शनिवारची. ती बघायला कंपनीतल्या तिच्या वरच्या बाई जातीने आल्या होत्या. (“वरच्या म्हणजे कुठून, थेट स्वर्गातून का?” इति भाऊजी.)

ज्या दोन पाहुण्या आल्या त्यांतल्या एक आमच्या खालच्या गाळ्यातल्या शिंपीणबाई. त्या सुई कॉलरला खोचून तशाच आल्या होत्या आणि तशाच घाईने परतणार होत्या. दुसऱ्या समोरच्या घरातल्या आजी. त्या दारात आल्या, रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि डोळ्याला पदर लावून मला हळूच म्हणाल्या, “कोण गेलं गं?”

“कोणी गेलं नाही, आजी. कोणी आलंच नाही.”

जावेने त्या दोघींसाठीही पाणी भरलं, डबा डोक्यावर धरला. आजींनी दहाच्या पुढे सतरापर्यंत मोजलं. वरच्या बाईंनी मात्र पाण्याकडे बघितलंच नाही, त्या खुर्च्याच मोजत होत्या. जाताना म्हणाल्या, “शुक्रवारी शेवटची संधी. सहा. नाहीतर पिशवी मी घेऊन जाणार.”

दार लागल्यावर मी जावेवर घसरले. “तू तर म्हणत होतीस अकरा जणी नक्की आहेत!”

“होत्या ना, वहिनी. सगळ्या येते म्हणाल्या होत्या.” तिने यादी काढून दाखवली. तिचं अक्षर दवाखान्याच्या रजिस्टरसारखं, आखीव. प्रत्येक नावापुढे लिहिलेलं: ‘येते म्हणाल्या.’

“तू त्यांना विचारलंस कधी?”

“मंगळवारी मंडळाची प्रार्थना झाल्यावर. आधी धीर होत नाही. चपला घालून निघाल्या की दारापाशी विचारते, शनिवारी चार वाजता वहिनींकडे या म्हणून. मग त्या म्हणतात, हो हो, येते हं.”

मी खुर्चीवर बसलेच. “अगं बाई, त्या निघत होत्या! निघताना माणूस ‘येते’ नाही तर काय म्हणणार? ते ‘येते’ म्हणजे ‘जाते’! तू अकरा जणींचा निरोप घेतलास आणि ते आमंत्रण स्वीकारलं म्हणून लिहून ठेवलंस?”

तिचं तोंड एवढंसं झालं. मी अजून दोन वाक्यं बोलणार होते. डोक्यात तयार होती, झोंबणारी होती. पण यादी हातात होती म्हणून पान उलटलं. मागे पहिल्या पार्टीची यादी. तिथे सर्वांत वर लिहिलेलं होतं: ‘वहिनी, येते म्हणाल्या. शेजारच्या दोघींना आणणार.’

त्या दिवशी मी गेले नव्हते. जिन्यातून वर जाताना तिने विचारलं होतं, मी “हो गं, येते” म्हटलं, दोघींना आणते असंही वर म्हटलं, आणि त्या दुपारी पोथी वाचत बसले. शेजारणींना विचारलंसुद्धा नाही. चार आणि दोन सहा होतात. मी गेले असते तर पहिली पार्टी भरली असती आणि आज हा प्रश्नच आला नसता. हे तिला माहीत होतं. तीन आठवडे तिने ते तोंडातून काढलं नव्हतं. मला स्वतःचा इतका संताप आला की यादी तिच्या हातात देऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा घासली.

मंगळवारी आमच्या प्रार्थनेच्या बायका मास्तरीणबाईंकडे जमल्या. मास्तरीणबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, आमच्या मंडळाच्या मुख्य. प्रार्थना झाली तशी मी सगळ्यांच्या आधी उठून दाराशी उभी राहिले. एकेक जण चपला शोधायला लागली.

“येते हं,” पहिली म्हणाली.

“कुठे येता?” मी विचारलं.

ती गोंधळली. “म्हणजे... घरी जाते.”

“मग जाते म्हणा.”

मास्तरीणबाई आतून आल्या. “हे काय चालवलंय? निघताना ‘जाते’ म्हणू नये, अशुभ असतं. आम्ही काय कायमच्या निघालोय?”

“शनिवारच्या बोलावण्यावर माझ्या जावेला तुम्ही सगळ्यांनी दारात ‘येते’ म्हटलंत. तिने खरं धरलं. मी चौदा खुर्च्या मांडल्या.”

“ते तिचं चुकलं. शब्दाचा अर्थ संदर्भाने घ्यायचा असतो.”

“ती चुकली ते तुम्हाला तिथेच कळलं होतं की नव्हतं?”

मास्तरीणबाई म्हणाल्या, “अहो, डबे घ्यायचे तरी किती? माझ्या कपाटात डब्यांत डबे आहेत. तोंडावर कसं सांगणार?”

“नको म्हणून सांगायचं! दोन अक्षरं आहेत. चाळीस वर्षं मुलांना लिहायला शिकवलीत ना?”

“देवाच्या दारात भांडता?” मागून कुणीतरी म्हणालं.

“देवाच्या दारात खोटं चालतं, भांडण तेवढं चालत नाही?” माझा आवाज चढला होता, कळत होतं, आणि मला खाली आणायचा नव्हता. “हे बघा, पहिल्या वेळी मीपण अशीच ‘येते’ म्हणून गेले नाही. मीपण तुमच्यातलीच. आता शुक्रवारी चार वाजता पुन्हा पार्टी आहे. येणार की येणार नाही, एवढंच सांगा. येणार नाही म्हणालात तर मला राग येणार नाही.”

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. दहा जणी “येणार नाही” म्हणाल्या आणि मला दहा वेळा राग आला. पण निदान दहा खुर्च्या कमी मांडायच्या हे कळलं. एकच “येईन” म्हणाली, तीही बहुतेक घाबरून.

घरी येताना शिंपीणबाईंच्या गाळ्यात डोकावले. जाऊ तिथेच होती. यादी पुढ्यात, पेनचं टोपण दातात. शिंपीणबाईंनी आमच्या दोघींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मशीन थांबवलं. “तुमचं गणितच उलटं आहे. बायकांना उठवून दुसऱ्या घरी न्यायचं म्हणजे काय सोपं आहे? दुपारी चार वाजता माझ्याकडे फिटिंगला पाच-सहा जणी बसून जांभया देत असतात. पार्टी इथेच आणा.”

“पण घर हवं,” जाऊ म्हणाली. “कंपनीचा नियम आहे.”

“मग मी राहते कुठे? झाडावर?”

काल शुक्रवारी शिंपीणबाईंच्या गाळ्यात चार वाजता सात बायका होत्या. शिवाय समोरच्या आजी, आणि ती मंगळवारची घाबरलेली. नऊ! बाकांवर, कापडाच्या गठ्ठ्यांवर, एक तर इस्त्रीच्या टेबलाला टेकून. जावेने कापायच्या टेबलावर डबे मांडले. पाणी, दाब, फुस्स, डोक्यावर. गाळाभर बायका मोठ्याने मोजत होत्या. आठ म्हणताना मी दाराकडे बघितलं तर वरच्या बाई आल्या होत्या.

“ह्यांत बोलावलेल्या किती?” त्यांनी विचारलं.

“दोन,” जाऊ म्हणाली.

“बाकीच्या?”

“ह्यांचे कपडे तयार व्हायचेत.”

“म्हणजे ह्या दुकानाच्या गिऱ्हाईक. पाहुण्या नव्हेत. आणि हे घरही नाही.”

शिंपीणबाईंनी मागचा पडदा सर्रकन बाजूला ओढला. आत खाट, शेगडी, दोरीवर वाळत घातलेले त्यांचे कपडे. “हे घर. आणखी काय दाखवू, उशीखालचं?”

बायका हसल्या. वरच्या बाई हसल्या नाहीत. “नियम म्हणजे नियम. मी तरी काय करू?”

डबा अजून जावेच्या डोक्यावर उलटा होता. तिने तो खाली घेतला नाही. “बाई,” ती म्हणाली, त्याच आवाजात, शेवटच्या खुर्चीला ऐकू जाणाऱ्या, “बोलावलेल्या आल्या नाहीत. न बोलावता सात जणी बसल्यात. ह्यातल्या चौघींनी आत्ताच नावं लिहायला सांगितलीत. तुमच्या कंपनीला डबे विकायचेत की आमंत्रणं?”

“पिशवी द्या,” वरच्या बाई म्हणाल्या.

मी मधे पडणार होते. माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. जावेने नुसता हात आडवा केला. डबा खाली घेतला, उघडला, पाणी बादलीत ओतलं, तो पुसला. मग एकवीसच्या एकवीस डबे मोठ्यात मधला, मधल्यात छोटा, असे भराभर एकात एक घातले, निळ्या पिशवीची चेन ओढली आणि पिशवी पुढे धरली.

वरच्या बाईंनी पिशवी खांद्याला लावली. उंबऱ्याशी वळल्या, सवयीने मान हलवली आणि म्हणाल्या, “बरंय. येते हं.”

“येऊ नका,” जाऊ म्हणाली. “जाते म्हणा.”

बाईंनी पिशवी सावरली आणि त्या पायरी उतरल्या.

समोरच्या आजींनी मला कोपराने ढोसलं आणि विचारलं, “थेंब पडला का गं? मी आठापर्यंतच मोजलं होतं.”

“नाही पडला, आजी.”

शिंपीणबाईंनी सुई पुन्हा कॉलरला खोचली. जावेला म्हणाल्या, “उद्यापासून इथेच बस माझ्याकडे. गिऱ्हाइकांना एकेक करून आत सोडायला कोणी तरी हवंच आहे.”

या, बसा, जा आत. ही आता भिडेखातर बघते म्हणणार, मग येते म्हणणार, आणि पुढची बारा वर्षं जाणार.

“नको,” जाऊ म्हणाली. सरळ, त्यांच्या तोंडावर. “ते काम मी खूप केलं. विकायचं दुसरं काही बघेन, ते दाखवायला मात्र इथेच येणार. शुक्रवारी चार वाजता.”

शिंपीणबाईंना राग आला नाही. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर खडूने पुढच्या शुक्रवारवर खूण केली. मला विचारलं, “आणि तुम्ही?”

“येणार,” मी म्हटलं. “शेजारच्या दोघींना घेऊन.”

जावेने माझ्याकडे वळून बघितलं, यादी काढली आणि माझ्यासमोर लिहिलं. ह्या वेळी ‘येते म्हणाल्या’ असं नाही लिहिलं. नाव लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली.