सॅम्पल कमी आहे

वाशीमच्या एका कॉलेजात विज्ञान, आरोग्य, शिक्षण अशा सगळ्या विषयांची मिळून एकच संशोधन परिषद भरली होती. आमच्या सत्राचे अध्यक्ष मला तेवढे एकदाच भेटले. सत्काराचा हार त्यांनी गळ्यातून काढलाच नाही. पेपरवाचन सुरू झालं की ते पोटावर हात ठेवून डोळे मिटत आणि टाळ्या वाजल्या की उघडत. मग माईक जवळ ओढून म्हणत, "विषय चांगला आहे, पण सॅम्पल कमी आहे." हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल कोणी बोललं तरी तेच, शाळा सोडणाऱ्या मुलींबद्दल बोललं तरी तेच.

मी धनजजवळच्या एका वस्तीतल्या बायांचं रक्त तपासून घेतलं होतं. बहुतेकींच्या अंगात रक्त कमी निघालं. मलाही तेच ऐकावं लागल्यावर मी म्हटलं, "सर, वस्तीत बाया तेवढ्याच आहेत. एकही सोडलेली नाही."

"मग गाव मोठं घ्यायचं होतं," ते म्हणाले. सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या वेळी ते जिलेबीची प्लेट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. "नाराज नको होऊ, पोरी. मी कोनाचाच पेपर आयकत नाई. पन अध्यक्षाले काई तं बोला लागते."

त्यांनी हे इतक्या मायेनं सांगितलं, की मला धड रागावताही येईना. मी विचारलं, "सर, मग त्या बायांचं काय करायचं?"

त्यांनी तोंडातली जिलेबी सावकाश संपवली.

"कोनत्या बाया?"