राजा-गुलाम टाकले, तो भाऊबीजेचा डाव

माझी अक्का भित्री होती. शेवटपर्यंत.

आज तिला जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊबीज जवळ आली की अजून तो एक डाव आठवतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धारवाडला कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायची. केलगेरीच्या तळ्यावर गेलो तर मला पाण्याजवळ फिरकू द्यायची नाही. माझ्या लग्नानंतरसुद्धा!

आणि हीच बाई पोकर खेळायची. आम्हा सगळ्यांपेक्षा भारी.

पानं आवडली नाहीत की ती टाकून डाव सोडायची आणि कन्नडात म्हणायची, "ब्याड!" नको म्हणजे नको.

"काय हो अक्का, परत भ्यालात?" माझा मित्र बसू चिडवायचा. गोकुळ रोडला त्याच्या वर्कशॉपच्या माडीवर आमचा अड्डा असे.

"भ्याले की. भीती वाटली तर पानं टाकायची, लाज कसली?"

२००८च्या भाऊबीजेला दुपारी तिथे छोटी टूर्नामेंट ठेवली. दहा जण. बोलीच्या चकत्या, म्हणजे चिप्स, संपल्या की बाहेर. पहिले तिघे गोव्याच्या मोठ्या टूर्नामेंटला जाणार, चौथा हात हलवत घरी.

चौघं उरले की त्याला बबल म्हणतात. तेव्हा भलेभलेसुद्धा चांगली पानं टाकून देतात.

जिना चढतानाच अक्कानं मला दम दिला होता.
"हे बघ, ओवाळणी सकाळी दिलीस, झालं. टेबलावर द्यायची नाही. माझ्यासाठी मुद्दाम हरलास तर तंगडं मोडीन."

आणि नेमके चौघं उरलो. बसूपुढे चिप्सचा ढीग. माझ्याकडे बेताच्या. अक्काकडे सगळ्यांत कमी, त्यातल्याही बहुतेक त्या डावाच्या सक्तीच्या बोलीत गेलेल्या.

चौथ्या गड्यानं पानं टाकली. बसूनं सगळा ढीग पुढे सारला. ऑल-इन.

माझ्या हातात राजा आणि गुलाम. दिसायला झकास, पण अशा वेळी ना धड चांगली ना वाईट.

अक्काचंच गणित होतं. आपल्याहून कमी चिप्सवाला टेबलावर असेल तर अशी पानं टाक. त्याला आधी जाऊ दे.

तो कमी चिप्सवाला म्हणजे अक्का.

मी लढून हरलो असतो तर चौथा मी. ती गोव्याला. बस्स, एवढंच करायचं होतं.

तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. टेबलाची कड घट्ट धरून बसली होती.

मी पानं टाकली.

अक्काला आता पर्यायच नव्हता. राणी-नव्वीवर उरलेल्या चिप्स लावल्या. बसूकडे एक्का निघाला. टेबलावर मध्ये उघडलेल्या पानांनी तिला काही साथ दिली नाही.

ती उठली. माझ्या पाठीत धपाटा घातला. "शाब्बास रे! आज नीट भ्यालास बघ."

मी गोव्याला गेलो. तासाभरात बाहेर पडलो.

पुढच्या भाऊबीजेला अक्का नव्हती.

दाजींनी नंतर सांगितलं. तिच्या आजाराचा रिपोर्ट त्या दिवाळीआधीच आला होता. आम्हाला कुणालाच सांगू दिलं नाही. "दिवाळी होऊ दे," म्हणाली. गोव्याला जायची मात्र फार इच्छा होती. बॅगसुद्धा काढून ठेवली होती.

मला एका शब्दानं कळलं असतं तर राजा-गुलाम काय, चार एक्के असते तरी हरलो असतो.

तिला ते माहीत होतं. म्हणूनच बोलली नाही.

अक्का, तुझ्या गणितानं मी बरोबर खेळलो. पण तुझी बॅग आठवली की अजून धडकी भरते गं.

तुझ्या भावाचा भरल्या डोळ्यांनी नमस्कार.