बुजवलेली खिडकी

ती घटना आठवली की आजही हातातलं काम थांबतं. हिवाळ्याची सकाळ होती. पोलीस ठाण्यात हजेरी चालू असतानाच वाळूज भागातून फोन आला. भाड्याच्या खोलीत एक बाई न्हाणीघरात बेशुद्ध पडली होती. आम्ही पोहोचेपर्यंत ती गेली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा कारखान्यात कामाला. रात्रपाळी संपवून घरी आला, आतून उत्तर येईना म्हणून त्यानंच दार तोडलं होतं.

अकस्मात मृत्यूची नोंद घेऊन पंचनामा सुरू केला. तेवढ्यात घरमालकानं मला जिन्यापाशी बाजूला घेतलं. खालच्या मजल्यावर राहणारा, हळू बोलणारा वयस्कर माणूस.

"साहेब, दोघांचं लई भांडण व्हायचं. बघा काय ते."

अजिंठ्याकडून मुलीचे वडील आणि भाऊ आले. भांडणाचं कानावर पडताच भावानं नवऱ्याची कॉलर धरली. मी त्याला सोडवून ठाण्यात आणलं.

"कशावरून भांडत होता?"

"खोली बदलण्यावरून, साहेब. ती म्हणायची, इथं अंघोळ केली की डोकं गरगरतं. मी म्हणायचो, उन्हाळ्यापर्यंत थांब."

खोटं बोलणारा माणूस आपल्याला पटलं का, हे बघायला आपल्या तोंडाकडं बघतो. हा फरशीकडं बघत राहिला.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. मारहाणीची खूण नव्हती. रक्ताच्या रंगावरून त्यांना विषारी वायूचा संशय होता. "न्हाणीघरात गॅस गिझर आहे का? हवेला वाट आहे का, ते बघा," ते म्हणाले.

मी परत गेलो. गिझर होता, खिडकी नव्हती. भिंतीच्या वरच्या बाजूला काही फरशा मात्र नव्याकोऱ्या होत्या. भिंतीमागं पूर्वी मोकळी बोळ होती. मालकानं तिच्यावर स्लॅब टाकून आणखी एक खोली काढली होती आणि ती भाड्यानंही दिली होती.

"खिडकी कधी बुजवली?"

"पहिल्यापासून असंच हाय, साहेब."

त्याची बायको मागं उभी होती. "आता तरी खोटं नका बोलू," ती म्हणाली. "दिवाळीनंतर बुजवली, साहेब. ती पोरगी दोनदा खाली आली व्हती सांगायला. हे म्हणले, अशक्तपणा असंल, दवाखान्यात दाखव."

मालक पायरीवर बसला. "एक खोली वाढंल, म्हातारपणी आधार व्हईल, एवढंच डोक्यात व्हतं. माणूस जाईल असं वाटलं नाय."

ते खरं असेल. पण भांडणाचं मला सांगताना त्याला ती खिडकी नक्की आठवत होती.

मालकावर निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचा गुन्हा दाखल केला. मुलीचे वडील ठाण्यात आले, जावयाशेजारी बाकावर बसले. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चल बाबा. तिला घेऊन गावाला जायचंय."

निवृत्तीनंतर ओळखीचे लोक विचारतात, खोल्या काढायच्या आहेत, भाडेकरू कसा बघावा? पोलीस पडताळणी करून घ्या, हे मी सांगतोच. पण त्याआधी आपली खोली राहण्याजोगी आहे का, ते बघा, म्हणतो. आणि भाडेकरू तक्रार घेऊन आला, तर बसल्या जागेवरून उत्तर देऊ नका, उठून वर जा. त्या मुलीनं दोनदा सांगितलं होतं. तिच्यासोबत जिना चढून कुणी गेलं नाही.